वाळूची वही

ही वही मी ठेवते, कारण सहावीपर्यंत
फक्त मीच शाळेत गेले होते. दुसरं कारण नाही.

डावीकडे नावं, उजवीकडे दगड.
स्योकाऊ : एकोणीस पाट्या.
म्बिथे : सव्वीस.
कालोंदू : नऊ, आणि पाठीवर पोर.
पोराचं वजन कुठल्या रकान्यात धरायचं
यावर बायका दुपारभर भांडल्या.
शेवटी मी नऊच्या पुढे एक इवलासा पाय काढला
आणि विषय मिटवला.

मजुरी कुणालाच नव्हती. आमच्यात म्वेथ्या असते, सावड :
आज तुझ्या रानात माझे हात,
उद्या माझ्या कुडाला तुझे.
या वेळी मात्र रान कुणाचंच नव्हतं.
थुआ नदीच्या कोरड्या घशात बांध घालायचा होता,
खडक लागेपर्यंत खणून.
सिमेंटची पोती गाढवांवर,
आणि सिमेंट कालवायचं पाणी
चार तासांवरून, डोक्यावर.
पाणी अडवायला आधी पाणी वाहावं लागतं,
हे कुणी सांगितलं नव्हतं.

नोव्हेंबरात नदी आली. एक रात्र, अर्धा दिवस.
लाल, झाडं उपटत, घाईघाईत.
गेली तेव्हा बांधामागे
तळं नव्हतं.
वाळू होती. काठोकाठ, सपाट, चकाकणारी.

म्हातारा न्झिओका काठी टेकत आला, म्हणाला,
"दोन वर्षं राबून
बायांनी नदीला वाळू चारली."
पुरुष हसले. आम्हीही थोड्या हसलो.
हा बांध असाच भरतो, हे आम्हाला सांगितलेलं होतं,
पण सांगितलेलं आणि पाहिलेलं
यांच्या मध्ये एक ऑगस्ट असतो.

ऑगस्टात गुरं गुडघे टेकू लागली तेव्हा
म्बिथेने त्या वाळूत कोपरापर्यंत हात घातला.
बराच वेळ काढलाच नाही.
आम्हाला वाटलं, विंचू.
मग तिने ओंजळ वर आणली
आणि कुणालाही न दाखवता
आधी स्वतः प्यायली.
वहीत तेही आहे. दंड लावला नाही.

ही वाळूच आमची घागर,
हिचं झाकण उन्हाला उघडत नाही.
न्झिओका आता रोज येतो,
भांडं भरून घेतो, म्हणतो, मी म्हणालो होतोच.

मग ट्रक आला.
शहरात इमारती उगवतायत, त्यांना वाळू लागते,
आणि आमची धुतलेली, एकसारखी, बिनमालकाची.
चौघं, फावडी, नंबरप्लेटवर मुद्दाम फासलेला चिखल.
ड्रायव्हरने नोटा दाखवल्या.
खोटं कशाला बोलू, मी मनात भागाकार केला,
तेवीस बायका, भागिले तेवीस.
आकडा वाईट नव्हता.

कालोंदू ओरडली नाही.
चाकांसमोर बसली आणि खणू लागली,
आधी हातांनी, मग भोपळ्याच्या कवटीने.
खड्डा ओला झाला, मग गढूळ,
मग त्यात तिचं तोंड दिसायला लागलं.
कवटी भरून तिने ड्रायव्हरला दिली.
तो प्यायला. पुन्हा मागितली.
"आता बोल," ती म्हणाली, "किती फावडी नेतोस?"

ट्रक रिकामा गेला.
मी लिहिलं : एक ट्रक, शून्य.
ते शून्य वाकडं आलंय, हात थरथरत होता.

इथे थांबले असते तर गोष्ट चांगली झाली असती.

तिसऱ्या रात्री इंजिनाची घरघर ऐकू आली,
आमच्या बांधावर नव्हे, खालच्या वळणापलीकडे,
जिथे बांध नाही, वही नाही,
आणि माझ्या नणंदेचं घर आहे.
पहाटेपर्यंत फावडी वाजत होती.
आम्ही सगळ्या जाग्या होतो.
कुणी उठलं नाही.

सकाळी मी नवं पान काढलं.
डावीकडे खालच्या गावातली नावं, आठवली तेवढी.
उजवी बाजू कोरी.
दारात स्योकाऊ पाट्या मोजत होती.
दोन फुटक्या निघाल्या.